मसुराएवढा साक्षीदार

१

बाबांची भिंत कुणीतरी पुसून टाकली होती.

मी शटर वर केलं, दिवा लावला आणि दारातच थांबले. बाबांना जाऊन महिना होत आला होता. त्यांचा चष्मा शेडमध्ये राहिला आहे असं आईला वाटत होतं, तो शोधायला मी आले होते. शेड लांबट, बिनखिडक्यांची. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता, त्यामुळे भिंती जाड आणि भर दुपारी शटर ओढलं की आत मिट्ट काळोख. बाबांना तेच हवं होतं.

ते गाड्यांच्या पुढच्या दिव्यांच्या उजेडाचे फोटो काढायचे. कुणाला जुने दिवे बदलून नवे बसवायचे असले की तो आधी इथे यायचा. गाडी ठरलेल्या जागी उभी राहायची आणि जुन्या दिव्यांचा उजेड टोकाच्या भिंतीवर पडला की फोटो निघायचा. मग नवे दिवे बसवून दुसरा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कुठला दिवा रस्ता दाखवतो आणि कुठला नुसताच चमकतो ते कळायचं. डोळ्याला भपका आवडतो, बाबा म्हणायचे, कॅमेऱ्याला आवडनिवड नसते. त्यांचा कॅमेरा छताच्या तुळईला पक्का बसवलेला होता आणि त्याच्या उजेड कमीजास्त करायच्या चकत्या हलू नयेत म्हणून त्यांवर आईच्या नेलपॉलिशचे थेंब टाकलेले होते. आई अजून म्हणते, तिची ती बाटली कारणी लागली ती अशी.

भिंतीचा रंग मुद्दाम मळकट ठेवलेला. तिच्यावर काळ्या ऑइलपेंटने चौकटी आखलेल्या. बाबा त्यांना घरं म्हणायचे. मधोमध एक जाड आडवी रेघ, ती उंबरठा. खालच्या उजेडाने उंबरठा ओलांडायचा नाही, कारण त्याच्या वर समोरून येणाऱ्याचे डोळे असतात. उंबरठ्याला लागून मधलं छोटं घर म्हणजे लांबचं घर. रस्त्याचा दूरचा तुकडा तिथे पडतो. चांगला दिवा लांबच्या घरापर्यंत पोहोचतो आणि उंबरठ्याशी थांबतो. लहानपणी मी ती कड पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिला बोट लावून पाहिलं. खाली लख्ख उजेड, वर काळोख आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. उजेडाला कुणी असं वळण लावू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

आता तिथे काही नव्हतं. ना घरं, ना उंबरठा. भिंत नव्या वहीच्या पानासारखी पांढरी होती.

माझ्या मागे कुणीतरी खाकरलं.

२

अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता. मध्यम वयाचा, हातात घडी घातलेला कागद. शटर उघडं दिसलं म्हणून आलो, म्हणाला. भिंतवाले, म्हणजे माझे बाबा, गेल्याचं त्याला ठाऊक होतं, पण भिंतीकडे पाहून त्याचा चेहरा पडला.

"ताई, मला भिंतवाल्यांना एकच गोष्ट विचारायची होती," तो म्हणाला. "हा फोटो त्यांनी खरंच काढला का?"

कागदावर दोन फोटो होते. डावीकडे त्याच्या संस्थेच्या दुसऱ्या एका अँब्युलन्सच्या जुन्या दिव्यांचा उजेड, शांत आणि पिवळसर. उजवीकडे नव्या पांढऱ्या दिव्यांचा. नव्यात सगळी घरं भरलेली, लांबचं घर तर दिवाळीतल्या दुकानासारखं झगमगत होतं. उंबरठा चोख. दोन्ही फोटोंच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बाबांच्या प्रत्येक फोटोत असतो तो पिवळा ठिपका.

त्याच्या गाडीला ते दिवे बसवून झाले होते. पायाशी इतका उजेड, की मुंगी मोजावी. लांब मात्र काही नाही. मागे पेशंट असताना एक सायकलवाला त्याला इतक्या उशिरा दिसला, की गाडी रस्त्याच्या खाली उतरली. कुणाला लागलं नाही. त्याने साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी हाच कागद पुढे केला. भिंतवाल्यांचा फोटो आहे, तुझ्या डोळ्यांचा नंबर तपासून घे, म्हणाले. येत्या सोमवारपासून संस्थेच्या झाडून सगळ्या अँब्युलन्सना हेच दिवे बसणार होते.

"त्यांच्या फोटोपुढे माझं कोण ऐकतं?" तो म्हणाला. "मीसुद्धा ऐकलं नसतं."

मी कागद ठेवून घेतला. बाबांनी हा फोटो काढला असेल तर ते आयुष्यात एकदा चुकले होते, आणि तेही शेवटी. काढला नसेल, तर त्यांच्या मरणानंतर कुणीतरी त्यांच्याकडून खोटं वदवून घेत होतं. दोन्हींपैकी मला काय हवं होतं, ते मला सांगता आलं नसतं.

३

मी ग्रंथालयात काम करते. पुस्तक जागेवर नसलं तर ते कुणाच्या हाताला लागू शकलं असतं, तिथून शोध सुरू होतो. शेडच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक बाबांची, ती आता आईकडे. एक काकाकडे, काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, शेडमध्ये त्यांच्या जोडीने राबलेला. तिसरी फिटरकडे. त्याला सगळे पान्हा म्हणायचे, कारण तो जेवायला बसतानाही पान्हा खिशातून काढत नसे.

पण आधी मी दिवेवाल्याकडे गेले. नवे दिवे विकणारा तोच. त्याचं दुकान इतकं उजळलेलं होतं की आत शिरताना डोळे बारीक करावे लागत. त्याने खुर्ची दिली, बाबांबद्दल चार चांगले शब्द बोलला. फोटोबद्दल विचारल्यावर त्याला कोड्यात पडल्यासारखं झालं. बाबांच्या आजारपणाच्या आधी त्याने दिव्यांची जोडी शेडवर पाठवली होती, फोटो चांगला आला तर पुढची सगळी कामं शेडलाच देईन असंही सांगितलं होतं. बरेच दिवस काही आलं नाही. मग शेडच्या फोनवरून फोटो आला. इतकंच.

"भिंतवाल्यांचाच आहे, मॅडम," तो म्हणाला. "खाली त्यांचा पिवळा शिक्का आहे की. तो मारल्याशिवाय ते फोटो हातातून सोडायचे नाहीत."

मी आभार मानून निघाले.

पान्हा घरी होता. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. बाबांना दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यात तो शिडीवरून पडला होता. भिंत पुसली गेल्याचं ऐकून तो मला शिव्या हासडायच्या बेतात होता, मग मी कोण हे आठवून गप्प बसला. आता जेवतोही डाव्या हातानेच, भात निम्मा मांडीवर, असं त्याची बायको आतून म्हणाली.

त्या पांढऱ्या दिव्यांचा फोटो बाबांनी काढला होता का, असं मी विचारलं.

"भाऊंनीच काढला होता," पान्हा म्हणाला. "दिवे मीच बसवले होते. पण तो हा फोटो नाही."

"कशावरून?"

"भाऊंनी फोटो बघितला आणि मला दिवे उतरवायला सांगितले. जुने परत बसव म्हणाले. असा फोटो आला असता तर कशाला उतरवायला लावले असते?"

४

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाबांच्या शर्टांची बटणं तपासत होती. आता ते शर्ट कुणी घालणार नव्हतं, तरी एकही बटण सैल ठेवायचं नाही असा तिचा निश्चय दिसत होता. मी तिला विचारलं. ती आठवत राहिली. हो, एका दुपारी बाबा जेवायला आले होते आणि घास हातात धरून म्हणाले होते, उजेड पुष्कळ आहे गं त्या दिव्याला, पण सगळा आपल्याच पायाशी बघतो.

"मला वाटलं माणसाबद्दल बोलतायत," आई म्हणाली.

किल्ली तिच्याकडे होती, म्हणून मला तिचाही हिशेब करणं भाग होतं. पण ज्याला तो फोटो खरा ठरवायचा आहे, तो बाबांचं हे वाक्य मला कशाला सांगेल? मी आईचं नाव खोडलं आणि एक बटण लावून दिलं.

काका संध्याकाळी आला. तो आला की घरात आधी त्याचा विनोद येतो, मग तो. त्या दिवशी विनोद आला नाही. भिंतीचं सांगितलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत राहिला. दादा गेल्यापासून त्या शेडकडे आपली पावलं वळलेली नाहीत, म्हणाला. दिवेवाल्याचं काम असेल, किंवा जागामालकाचं.

"काका, हा फोटो बाबांचा वाटतो तुला?"

त्याने कागद हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला.

"साक्षीदार आहे ना कोपऱ्यात," तो म्हणाला. "मग झालं."

साक्षीदार म्हणजे तो पिवळा ठिपका. दिवेवाल्याला जो शिक्का वाटला होता तो खरं तर एक इवलासा दिवा होता, भिंतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात स्क्रूने बसवलेला. गाड्यांचे दिवे बदलत राहायचे, हा कधी बदलायचा नाही. फोटोत हा नेहमीइतकाच उजळ दिसला तर समजायचं, कॅमेऱ्याने कुणाची भीड धरलेली नाही. फोटोशी खेळ करून उजेड वाढवायला जावं, तर साक्षीदारही वाढणार आणि बोंब ठोकणार.

मी काका गेल्यावर तपासलं. दोन्ही फोटोंत साक्षीदार सारखाच उजळ होता. तसूभरही फरक नाही. म्हणजे फोटो खरा होता.

५

झोपण्याआधी मी बाबांच्या जुन्या फोटोंचा गठ्ठा काढला. पुरावा म्हणून नव्हे, नुसतं बघायला. टॅक्सी, ट्रक, शाळेची बस. प्रत्येकाचा उजेड निराळा. कुणाचा रुंद, कुणाचा एका बाजूला झुकलेला, एकाचा तर पंख पसरलेल्या पाखरासारखा. एका माणसाने आयुष्यभर एकाच भिंतीकडे पाहिलं आणि त्याला रोज नवं काही दिसलं. मी ते फोटो जमिनीवर मांडत गेले. खोली भरली.

आणि मग मला ते दिसलं. इतका वेळ मी साक्षीदार किती उजळ आहे हे पाहत होते. किती मोठा आहे हे पाहिलं नव्हतं.

सगळ्या फोटोंत तो मसुराएवढा होता. फक्त ड्रायव्हरच्या कागदावरच्या नव्या दिव्यांच्या फोटोत वाटाण्याएवढा.

दिवा वाढत नाही. फोटो मात्र मोठा करता येतो. मधला भाग कापून घ्यायचा आणि ताणून नेहमीच्या आकाराचा करायचा. पण मग भिंतीवरची घरंही मोठी दिसायला हवी होती. ती तर नेहमीएवढीच होती. याचा अर्थ, फोटो काढला तेव्हा भिंतीवरची घरंच लहान होती.

बाबांच्या भिंतीवर लहान घरं कधीच नव्हती.

सकाळी मी टॉर्च घेऊन शेडमध्ये गेले. शटर आतून ओढून घेतलं. टॉर्च समोरून मारला तर भिंत कोरी. मग मी तो भिंतीला गाल लावल्यासारखा चिकटवला आणि उजेड आडवा सोडला.

भिंत जागी झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. ऑइलपेंटची रेघ जाड असते, तिच्यावरून कितीही पांढरा रंग फिरवला तरी उंचवटा राहतो. आडव्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडली आणि बाबांची घरं एकेक करून वर आली, उंबरठा आला, लांबचं घर आलं. ज्या हाताने त्या रेघा ओढल्या तो हात आता नव्हता आणि रेघा होत्या. 

त्या मोठ्या घरांच्या आत दुसरी जाळी होती. तशीच, पण निम्म्या मापाची. रेघा सरळ, सराईत.

खाली डाव्या कोपऱ्यात साक्षीदाराच्या स्क्रूचं भोक पुट्टी भरून बुजवलेलं होतं. दुसरं भोक बरंच आत, लहान जाळीच्या कोपऱ्याशी. साक्षीदार आता तिथेच लटकत होता.

मग सगळं एका रांगेत उभं राहिलं. गाडी निम्म्या अंतरावर आणली की भिंतीवरचा उजेड निम्म्या मापाचा होतो आणि लहान जागेत कोंबला गेल्यामुळे चौपट भरतो. अंधारं लांबचं घरसुद्धा झगमगतं. कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही, साक्षीदाराचा उजळपणा बदलत नाही. अडचण एकच, जुन्या मोठ्या घरांत तो उजेड आखडलेला दिसेल. म्हणून भिंत रंगवायची, घरं लहान आखायची आणि फोटो मोठा करायचा. काम झाल्यावर भिंत पुन्हा रंगवायची.

राहिला साक्षीदार. तो जुन्या कोपऱ्यात असता तर फोटो कापताना बाहेर गेला असता. म्हणून कुणीतरी तो काढून आत आणून बसवला होता. दिवेवाल्याला तर तो दिवा आहे हेच माहीत नव्हतं; त्याने हे केलं असतं तर कागदावर पिवळा ठिपका छापून मोकळा झाला असता. पान्ह्याला माहीत होतं, पण त्याचा हात गळ्यात होता. आईने तर मला बाबांचा निकालच सांगितला होता.

खोटं बोलतानाही साक्षीदार लावल्याशिवाय ज्याचा हात पुढे जाईना, असा माणूस एकच उरला. त्याला ती सवय बाबांनी लावली होती.

६

मी काकाला शेडवर बोलावलं. तो आला आणि दारात थांबला. मी काही न सांगता शटर ओढलं आणि टॉर्च भिंतीला लावला.

 तो जवळ आला आणि मोठ्या उंबरठ्यावरून बोट फिरवलं.

"ही ओढताना दोरी मी धरली होती," तो म्हणाला. "दादा म्हणाला, श्वास रोखून धर."

मग तो बोलला, सलग नाही, थांबत थांबत. बाबा दवाखान्यात गेले आणि गाड्या येईनाशा झाल्या. आलेले दारातूनच विचारायचे, भिंतवाले आहेत का? नाहीत म्हटलं की गाडी वळायची. त्याने काढलेला फोटो कुणाला नको होता. कॅमेरा तोच, भिंत तीच, पण माणूस तो नाही. दादा परत आल्यावर शेड बंद पडलेली दिसायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दिवेवाल्याचं एक काम मिळालं तर शेड चालू राहिली असती. म्हणून शेडमध्येच पडून असलेले ते दिवे एका गाडीला लावून, दादाचा वाटेल असा एक फोटो.

"आणि बाबांनी काढलेला?"

"पुसला."

त्याने लहान जाळीकडे पाठ केली.

"दादा आलाच नाही," काका म्हणाला. "मग मला त्या लहान घरांकडे बघवेना. वरून रंग फासला."

मी त्याला सायकलवाल्याचं सांगितलं. अँब्युलन्स रस्त्याच्या खाली उतरल्याचं, मागे पेशंट असल्याचं, सोमवारचं. यातलं त्याला काही माहीत नव्हतं. तो खाली जमिनीवर बसला. मला त्याचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण बाबांचा भाऊ बाबांसारखाच बसतो, एक गुडघा वर करून, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"मी साहेबांना सांगू शकते," मी म्हणाले. "पण मी भिंतीवरच्या रेघा दाखवेन आणि ते म्हणतील, बाईंना वडिलांच्या जाण्याने त्रास होतोय."

काका उठला. पँटची धूळ झटकली.

"तू नको सांगूस," तो म्हणाला. "भिंतच सांगेल. मळकट रंग कालवायला घे."

७

रविवारी दुपारी ड्रायव्हर अँब्युलन्स घेऊन आला. सोबत त्याचे साहेब, जरा नाराज, सुट्टी मोडली म्हणून. दिवेवाल्यालाही मी बोलावलं होतं. पान्हा प्लास्टरसकट आला आणि डाव्या हाताने सगळ्यांना कुठे उभं राहायचं ते दाखवू लागला.

भिंत पुन्हा मळकट होती. काकाने टॉर्चच्या आडव्या उजेडात जुन्या उंचवट्यांवरून ब्रश फिरवून घरं परत आखली होती. साक्षीदार मूळ कोपऱ्यात गेला होता. गाडी कुठे उभी करायची हे मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. जमिनीत बाबांच्या काळातल्या चाकांचे दोन खळगे पडलेले होते. तेवढे पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अँब्युलन्स आपसूक त्यांत जाऊन बसली.

शटर खाली आलं. काळोखात फक्त साक्षीदार.

काका साहेबांसमोर उभा राहिला आणि अंधारातच त्याने सगळं सांगितलं, आपण काय केलं, कसं केलं. आवाज चढला नाही की पडला नाही.  दिवेवाल्याचा श्वास मोठा झाला होता.

मग नवे दिवे लागले. खालची घरं भगभगली. लांबचं घर काळं राहिलं. ड्रायव्हरने फक्त एक हुंकार दिला. तुळईवर कॅमेरा टकटकला.

पान्ह्याच्या सांगण्यावरून काकाने ड्रायव्हरने सोबत आणलेले जुने दिवे परत बसवले. त्याला वेळ लागला, सगळे थांबले. दिवे लागले तेव्हा आधी वाटलं, उजेड कमीच आहे. मग डोळे निवले. पिवळा उजेड खालून शांतपणे वर चढत गेला, लांबच्या घरात शिरला, ते काठोकाठ भरलं आणि उंबरठ्याशी येऊन तो थांबला. वर गच्च काळोख. त्या काळोखात समोरून कुणीतरी येत असणार, त्याचं नाव-गाव कुणाला माहीत नाही, आणि एवढा मोठा उजेड त्याच्या डोळ्यांसाठी तिथे थांबला होता.

 साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. शेवटी तेच ड्रायव्हरला म्हणाले, तुझ्या गाडीला हेच राहू देत, उद्याचं बसवणं मी थांबवतो. दिवेवाल्याने आपले दिवे खोक्यात भरून घेतले. त्याला पायाशी बघणारा उजेड आणि लांब बघणारा उजेड यांतला फरक आधी कुणी दाखवला नव्हता, असं तो जाताना म्हणाला. ते खरं असावं.

ड्रायव्हरने निघताना काकाकडे पाहिलं. 

"पुढच्या वेळी दिवे बदलायचे असले तर कुणाकडे यायचं?" त्याने विचारलं.

काकाने माझ्याकडे पाहिलं. "त्याच्याकडेच," मी म्हणाले. "मी शेजारी उभी असेन."

सगळे गेल्यावर काकाने फोटो छापून माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून कॅमेऱ्याशी काहीतरी करत राहिला. मी तो साक्षीदाराच्या उजेडात धरला. लांबचं घर भरलेलं होतं. उंबरठ्याच्या वर काळोख होता.

मी कोपऱ्यात पाहिलं. मसुराएवढा.